उमविच्या ग्रंथालयातलं मानवी हक्कांचं चित्रप्रदर्शन: जाणार असाल तर

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, म्हणजे उमविच्या, ग्रंथालयात मानवी हक्कांवरच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय असं कळलं, आणि अमळनेरहून मी नि पुतणी सकाळच्या गाडीने जळगाव गाठलं. विद्यापीठ शहराबाहेर, धुळ्याच्या रस्त्यावर, गिरणेकाठी आहे. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगत बसू नका, 'उमवि' म्हटलं की पुरतं. एसटीने जायचं तर एरंडोल-पारोळ्याकडची साधी गाडी धरा, पण फाटकाशी थांबते का ते कंडक्टरला आधीच विचारा. ओळखपत्र जवळ ठेवा, आणि लांबून येणार असाल तर निघण्याआधी ग्रंथालयात फोन करून वेळ विचारून घ्या.

जास्त वेळ गेला तो संविधानाच्या पानांपुढे. मूळ हस्तलिखित दिल्लीला संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत आहे, इथे त्याच्या पानांच्या मोठ्या प्रती लावल्या होत्या. इंग्रजी अक्षरं प्रेमबिहारी नारायण रायजादांची, चित्रं नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनमधल्या शिष्यांची. मूलभूत हक्कांच्या भागावर लंकाविजयानंतर सीतेला घेऊन परतणारे राम-लक्ष्मण आहेत. पुतणीने विचारलं, "काका, हक्कांच्या पानावर राम कसा?"

मला वाटतं, त्या चित्रकारांना एकेका कलमाला चित्र जोडायचंच नव्हतं. मोहेंजोदडोच्या मुद्रेपासून गांधीजींच्या दांडीयात्रेपर्यंत या देशाची वाटचाल त्यांनी पानापानांवर मांडली. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. म्हणून पानं क्रमाने बघा, मधूनच सुरुवात केलीत तर सूत्र हाती लागत नाही.

याच नंदलालांनी १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसच्या अधिवेशनाचं नगर सजवलं होतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. बांबू, चटया, गावात मिळेल ते साहित्य आणि गावातलेच कारागीर, एवढ्यावर त्यांनी ते उभं केलं. अध्यक्ष नेहरूंना सजवलेल्या बैलरथातून नेलं. हे खानदेशातल्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असायला हवं. मला स्वतःला ते पन्नाशी उलटल्यावर कळलं, याची खंत वाटते.

पलीकडच्या भिंतीवर विद्यार्थ्यांची चित्रं. रंगकाम कच्चं असेल, पण विषय अगदी घरचे. एकात सातपुड्याच्या उतारावरचे शेताचे तुकडे अंगठ्याच्या ठशांनी भरले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना तिच्यावर दावा करता येतो, आणि तो आधी ग्रामसभेपुढे जातो. हे सगळं त्या ठशांत होतं. साक्रीकडचे एक बाबा बराच वेळ तिथे उभे होते. शेवटी शेजारच्या मुलाला म्हणाले, "हाऊ तं आमनाच डोंगर शे." म्हणजे, हा तर आमचाच डोंगर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २७ वं कलम कलेचा आनंद घेणं हा प्रत्येकाचा हक्क मानतं. ते कलम त्या दिवशी मला त्या बाबांच्या रूपाने भेटलं.

पोरांना जरूर न्या. मात्र घाईत एकाच फेरीत सगळं दाखवू नका. संविधानाची पानं एकदा बघून बाहेर या, चहा घ्या, मग विद्यार्थ्यांच्या चित्रांकडे वळा. पिशवी काउंटरवर ठेवावी लागते, तेव्हा वही-पेन हातात घेऊनच आत जा. बाजूला अभ्यासाला बसलेली मुलं असतात, म्हणून फोन मुका ठेवा. उन्हाळ्यात शक्यतो जाऊ नका, आपल्याकडचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. हिवाळ्यात गेलात तर परतताना जळगावात कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊनच गाडीत बसा.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी भुसावळमार्गे फैजपूरला जा. नंदलालांनी उभारलेल्यापैकी तिथे काही शिल्लक असेल या आशेने जाऊ नका, ते सारं बांबूचंच होतं. गावातल्या जाणत्यांना गाठा आणि अधिवेशनाचा विषय काढा.