आरसीसीबीची कटकट: चोर न्यूट्रलमध्ये निघाला

सापडला एकदाचा! मृगाच्या पहिल्या पावसापासून सांदवाडीतल्या (घरामागच्या अंगणातल्या) माशांच्या टाक्याची आरसीसीबी, म्हणजे जाणारा आणि परत येणारा करंट जुळला नाही की लाइट तोडणारं सुरक्षेचं बटण, रोज दिवेलागणीला पडत होती. दुपारभर गुमान चालायची आणि गावात टीव्ही, कूलर, मोटारी सुरू झाल्या की खट्. रात्री एअर पंप बंद, पहाटे कोई आणि रोहू पाण्यावर तोंड काढून हवा गिळताना दिसायचे. एकतर तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मुरतो, त्यात रात्रभर शेवाळही तोच ओढतं, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. बाबा बादलीने पाणी वरून ओतत बसायचे आणि माझ्याकडे बघायचे.

मागच्या वेळी लिहिलेली जोडणी तीच आहे: मेन बोर्डापासून पंचवीस मीटर, अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअर आर्मर्ड केबल (आत तीन तारा, बाहेरून लोखंडी तारांचं कवच म्हणजे आर्मर), टाक्यासाठी वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, तिच्यापुढे सिंगल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारं बटण). आर्मर घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेलं.

पहिला संशय अर्थातच पंपावर. पंप पाण्याबाहेर काढला, पिन उपसली. संध्याकाळी खट्. एअर पंप काढला. खट्. मग चिडून एमसीबीच खाली पाडली, म्हणजे पुढे फेज जातच नाही. तरीही खट्! इथे डोकं फिरलं. करंट जायला फेजच नाही तर ती पडते कशावर?

गावातल्या वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला: "भाऊ, आर्मरची अर्थिंगची तार सोडून द्या ना, कायले डोकं लावता. दहा घरी तसंच केलं म्या." आणि खरं सांगतो, तार सोडली असती तर ट्रिपिंग थांबलंच असतं. ते का करायचं नाही, ते पुढे सांगतो.

दुवा जुळला तो मे महिन्यातल्या एका गोष्टीवरून. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायची आपली रीत आहे. तेव्हा पाणी टाकलं त्याच संध्याकाळी आरसीसीबी एकदा पडली होती आणि खड्डा वाळल्यावर आपोआप सुधारली होती. आता पावसाने तोच खड्डा भिजला होता. म्हणजे अर्थिंग बिघडलं म्हणून नव्हे, अर्थिंग सुधारलं म्हणून ती पडत होती!

मग मीटर घेऊन बसलो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज दुपारी अर्धा व्होल्ट, संध्याकाळी पाच. गावाच्या डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) आमच्या घरापर्यंत लाइन लांब आहे, लोड वाढला की न्यूट्रलच्या तारेतही व्होल्टेज पडतं, त्यामुळे आपल्या टोकाला न्यूट्रल शून्यावर राहत नाही. मोटार दुरुस्तीवाल्या मित्राकडून अर्थ टेस्टर आणून मी एप्रिलमध्ये खड्डा मोजला होता, तेव्हा ४०० ओहम होता. आता ४०. हिशोब करा: केबलमध्ये कुठेतरी न्यूट्रल आर्मरला टेकला असेल, तर कोरड्या खड्ड्यात पाच व्होल्टला साडेबारा मिलिअँपिअर गळणार, भिजलेल्या खड्ड्यात सव्वाशे. ३० ची आरसीसीबी पंधरा ते तीसच्या मध्ये कुठेतरी पडते. दुपारच्या अर्ध्या व्होल्टला पुन्हा साडेबाराच, म्हणून दुपारी शांत. सगळं चपखल बसलं. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे ती पाडून काही फरक पडत नव्हता.

खात्री करायला मेन बंद करून आरसीसीबीच्या आउटगोइंगची न्यूट्रल तार सोडली, टोक बांधून ठेवलं. संध्याकाळी एक नाही, दोन नाही. चालू राहिली. मग केबलची दोन्ही टोकं मोकळी केली. फेज आणि आर्मर यांच्यात मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) ठणठणीत, न्यूट्रल आणि आर्मर यांच्यात काटा थेट शून्यावर.

केबल अडीच फूट खोल पुरलेली आहे, सगळी उकरायची हिंमत नव्हती. सुदैवाने टाक्याकडचा बॉक्स उघडताच दिसलं. केबल ग्लँडमधून (बॉक्सच्या तोंडाशी केबल घट्ट पकडणाऱ्या कॉलरमधून) बोटभर मागे सरकली होती आणि आर्मरच्या एका तारेचं टोक न्यूट्रलच्या काळ्या इन्सुलेशनमध्ये घुसलं होतं. ओढलं कोणी? जमिनीनेच. आपली कपाशीची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा टाकते, पाऊस पडला की फुगते, आणि आत ताणून पुरलेली केबल तिच्यासोबत जाते. हिंगणघाट, वर्धा, यवतमाळकडच्यांनी हे ध्यानात ठेवा. मुरमाच्या जमिनीवर टाकी असलेल्या भंडारा-गोंदियावाल्यांना एवढा त्रास नसेल.

आता अर्थिंगची तार सोडण्याबद्दल. ती सोडली असती तर आर्मर आणि बॉक्सचं लोखंडी झाकण न्यूट्रलला चिकटलेलं, पण जमिनीपासून तुटलेलं राहिलं असतं. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटणं आपल्याकडे नवीन नाही. तो तुटला की घरातल्या बल्ब-फ्रीजमधून फेज फिरून न्यूट्रलच्या तारेवर येतो, म्हणजे त्या झाकणावर २३० व्होल्ट. आणि ते झाकण ओल्या हाताने, अनवाणी उघडणारा मीच. दहा घरी तसं केलंय म्हणतात, तर त्या दहा घरी कूलरला हात लावताना मी तरी चप्पल घालूनच जाईन.

दुरुस्ती: केबलचं टोक कापून नवीन ग्लँड, या वेळी डबल कॉम्प्रेशन पितळी. सोबत आलेली प्लास्टिकची केबलला पकडतच नव्हती. बॉक्सच्या आधी विटांचा छोटा चेंबर, त्यात केबलचा सैल वेढा, भोवती रेती, म्हणजे जमीन ओढेल तेव्हा वेढ्यातून ओढेल. एमसीबी बदलून डबल पोल. मेगर आता शंभर मेगओहमच्या वर. संध्याकाळी न्यूट्रल-अर्थ पुन्हा पाच व्होल्ट दाखवत होतं आणि आरसीसीबी हलली नाही. मी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलो होतो, चहा तिथेच मागवला. टेस्ट बटण दाबून बघितलं, पडली. मग मात्र झोपायला गेलो.

पंपाबद्दल एक. नागपूरला कूलरचे पंप स्वस्तात मिळतात म्हणून टाक्यात टाकणारे बरेच आहेत. त्यांना बहुतेक वेळा दोन पिनांची वायर असते, अर्थच नसतो, आणि ते बारा महिने पूर्ण बुडवून ठेवायला केलेले नसतात. उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण, मग तोच पंप पाण्यात हात घालायच्या जागी कशाला?

हे लिहिता लिहिताच पुढचा बेत बदलतोय. आधी फक्त दुसरा फिल्टर लावणार होतो. पण २३० व्होल्ट पाण्यात ठेवायचेच कशाला? एअर पंप तर पाण्याबाहेर, पातळीच्या वर फळीवर बसतो, आत फक्त नळी जाते (पातळीच्या खाली ठेवणार असाल तर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने हवा सोडणारी झडप लावा, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून पंपात येतं). उरला पाण्यातला पंप. तो २४ व्होल्ट डीसीचा घेतला, आयसोलेटेड (२३० च्या लाइनशी थेट जोड नसलेला) पॉवर सप्लाय घरात बोर्डाजवळ ठेवला, तर टाक्यापर्यंत फक्त २४ व्होल्ट जातील. अडीच चौरसच्या तांब्याला किलोमीटरमागे साधारण साडेसात ओहम, जाऊन-येऊन पन्नास मीटर म्हणजे ०.३७. दीड अँपिअरला अर्धा-पाऊण व्होल्टचीच घट. बारा व्होल्टवर तीन अँपिअर लागले असते आणि एक व्होल्टहून जास्त तारेतच गेला असता, म्हणून चोवीसच. शिवाय दोन बॅटऱ्या जोडल्या की लोडशेडिंगची रात्रही निघते, आणि एअर पंपही डीसी घेतला तर आरसीसीबी पडली तरी मासे तगतील.

एकच शंका आहे. आमच्या बोरच्या पाण्यात क्षार फार, साध्या पंपाचा इम्पेलरही (पाणी ढकलणारं फिरतं पातं) पांढऱ्या थराने जाम होतो. कोणी २४ व्होल्टचा ब्रशलेस पंप अशा जड पाण्यात दोन उन्हाळे चालवला असेल तर शाफ्टचं आणि सीलचं काय झालं ते सांगा. तोवर पैसे काढत नाही.