दुमडलेलं पान

रविवार, रात्री

वहिनीने पुस्तक परत पाठवलं. त्याच पिशवीत आमसुलं आणि कुळथाचं पीठ. पीठ डब्यात ओतलं, पुस्तक कपाटात ठेवायला गेले तर एका पानाचा कोपरा दुमडलेला. वहिनी पानं दुमडत नाही. दादा दुमडायचा, आणि त्यावरून दोघांचं... जाऊ दे.

समुद्रकाठच्या एका छोट्या गावातली गोष्ट आहे. इंग्रजी. तिकडे या प्रकाराला इन्स्पिरेशनल रोमान्स म्हणतात, म्हणजे दोघांचं जुळता जुळता हरवलेली श्रद्धाही परत सापडते. नायिका विधवा. शहर सोडून आजीच्या घरी येते. बंदर, दीपगृह, बोटी दुरुस्त करणारा एक अबोल माणूस. मला मनापासून आवडली होती, म्हणून तर दिली. देताना माझ्या मनात काही नव्हतं, खरंच नव्हतं. आपल्या मुरूडसारखंच गाव आहे, हर्णैसारखंच बंदर आहे, तिला करमेल, एवढंच.

मला वाटलं दीपगृहाखालचं पान असेल, तो विचारतो ते. किंवा ती प्रार्थना करते ते. पण नाही. दुमडलेलं पान अगदी साधं आहे, मी वाचताना तिथे थांबलेही नव्हते. गावातल्या कुणाचं तरी लग्न असतं, बायका प्रार्थनाघरात फुलं लावत असतात, आणि एक म्हातारी हातातली परडी नायिकेकडे देते. “ही धर, पुढची बाजू तू कर.” बस. कुणी चमकत नाही, कुणी कुणाकडे बघत नाही. पुढच्या परिच्छेदात जेवणाची तयारी सुरू.

दुपारभर तेच पान घेऊन बसले होते.

आधी राग आला. एवढी जवळची मी, तर बोलून का नाही दाखवलं? दादा गेल्यापासून दर आठवड्याला फोन मी करते, दिवाळीला मी जाते. माझाही भाऊ गेलाच होता की. माझं कुणी विचारलं? हे लिहिताना रडू आलं, मग चहा केला.

आणि चहा उकळताना ते वाक्य आठवलं. माझ्या थोरलीच्या लग्नात घाणा भरायचा होता, म्हणजे सवाष्णींनी मिळून हळद-धान्य कुटायचं. मुसळांना आंब्याची पानं बांधून झालेली, काकू सवाष्णी मोजत होत्या, वहिनी माझ्या शेजारीच उभी. आणि मी तिला म्हटलं, “वहिनी, तेवढं आत बघतेस का?” आत बघण्यासारखं काहीही नव्हतं. आचारी होता, वाढपी होते. ती गेली. लगेच गेली, हसून गेली.

तेवढं आत बघतेस का. किती गोड आवाजात म्हटलं होतं मी.

गावी पाहुणे आले की दुर्गादेवीच्या देवळापासून महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगत नेणारी मीच. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाल्या, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडोपंत कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं. मग आमच्याच मुरूडने बहिष्काराचा ठराव केला, घरच्यांनी या दोघांना घरात घेतलं तर त्या घरावरसुद्धा. त्याच माणसाला १९५८ मध्ये भारतरत्न. इथपर्यंत आले की माझा आवाज दर वेळी भरून येतो. पाहुण्यांच्या मागे वहिनी उभी असते, सरबताचे पेले घेऊन. तिने ही गोष्ट माझ्या तोंडून किती वेळा ऐकली असेल!

ठराव निदान मोडता येतो. त्याच्यावर तारीख असते, माणसं असतात, त्यांच्याशी भांडता येतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत उलटा ठराव केला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, समारंभातून बाजूला काढायचं नाही. ती बातमी मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली होती. वहिनीने खाली हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. आमच्या घरात कुणी ठराव केलाच नव्हता. मी फक्त आत बघायला सांगितलं होतं.

साडेआठला फोन केला. पानाबद्दल विचारायचं ठरवलं होतं, पण विचारवेना. ती हर्णैच्या लिलावाचं सांगत बसली, शेजारणीने आज कोलंबी आणली, महागच मिळाली. ऐकता ऐकता मध्येच म्हटलं, “धाकटीच्या वेळी घाणा भरायला तू बसायचंस.”

मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.

“काकूंना विचारलंस?”

“माझ्या मुलीचं लग्न आहे, वहिनी.”

“तरी आधी त्यांच्याशी बोल. मग मला सांग.” जरा थांबली. “मी आत असले तर मला काही वाटत नाही गं. सवय आहे. पण तू बोलावून मग ऐन वेळी नाही झालं ना, तर वाटेल.”

आणि मग म्हणाली, पुस्तक छान होतं, पण त्या गावात एकदाही मासळीचा वास येत नाही, असं बंदर कुठे असतं? मी हसले, तीही हसली. बऱ्याच दिवसांनी.

पान सरळ केलेलं नाही. तसंच कपाटात ठेवलंय.

काकू नऊलाच झोपतात. उद्या त्यांची पूजा झाली की फोन करीन. काय बोलायचं ते दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. “काकू, घाण्याला वहिनी बसणार आहे.” बसेल का, बसू दे का, असं काही त्यात येऊ द्यायचं नाही.