कार्ड बदलून मिळत होतं, आजीचा आवाज नव्हे

आजीच्या आठवणी मी एका छोट्या रेकॉर्डरवर टिपत होते. ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, प्रत्येकी चाळीसेक मिनिटांची बारा रेकॉर्डिंग्ज. बारावं चालू असताना रेकॉर्डरची बॅटरी संपली. काही महिन्यांनी कार्ड संगणकाला लावलं तर एकच सूचना आली : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. आजी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. ती शेवटची बैठक तिच्या धाकट्या बहिणीबरोबर होती, आणि आजीच्या आवाजाची दुसरी प्रत माझ्याकडे कुठेच नव्हती.

फॉरमॅटचं बटण मी दाबलं नाही. त्या दिवशी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

घाबरून आधी कंपनीला लिहिलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिचा दोष होता असं मला वाटत नाही. कार्डावर माहिती लिहिली जात असताना वीज गेली की कोणतंही कार्ड असं अडकू शकतं. उत्तर लवकर आणि सौजन्याने आलं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि बिल पाठवा, मग जुनं कार्ड पाठवा, ते मिळालं की नवं देऊ. खाली एक ओळ होती : वॉरंटी कार्डाची आहे, त्यातल्या माहितीची नाही. ती ओळ मी तीनदा वाचली. नवं कोरं कार्ड घेऊन मी काय करणार होते? जुनं एकदा हातातून गेलं की उरलेली शक्यताही जाणार होती. मी पत्राला उत्तर देणं लांबवलं आणि स्वतः शिकायला बसले.

पहिला नियम कळला तो हा : मूळ कार्डावर काहीही लिहायचं नाही. डिस्क दुरुस्त करणारी आज्ञासुद्धा नाही, कारण ती दुरुस्ती म्हणजे लिहिणंच. मायक्रोएसडी कार्डाला स्वतःचं कुलूप नसतं, पण मोठ्या अ‍ॅडाप्टरच्या कडेला छोटी सरकपट्टी असते. ती लॉकवर केली. मात्र ती पट्टी कार्डाला आतून अडवत नाही. वाचणाऱ्या यंत्राने ती खूण मानायची असते. म्हणून माझ्या संगणकावरच्या लिनक्स प्रणालीत कार्ड आपोआप उघडण्याची सोयही बंद ठेवली.

मग डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतली. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतो. कुठवर आलो याची नोंद एका फाइलीत ठेवत जातो, त्यामुळे मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. कार्ड गरम झालं की मी थांबत होते, अर्धा तास जाऊ देत होते.

त्या थांबण्याच्या वेळात कार्डाच्या आत काय चालतं ते वाचलं. फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची. १९८४ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिक यांनी मिळून एसडी कार्ड आणलं १९९९ साली. (माझं कार्ड या तिघांपैकी कुणाचंही नव्हतं.) आत असंख्य सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडलेला असतो, वीज नसतानाही तो तिथेच राहतो. माहिती लहान पानांनी लिहिली जाते, पण पुसायची तर पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. कोणता मजकूर प्रत्यक्षात कुठे आहे याचा हिशेब कार्डातलाच एक छोटा नियंत्रक ठेवतो. बहुतेक भाग शाबूत असूनही कार्ड मेल्यासारखं का वागतं, ते तेव्हा कुठे समजलं. फाइलींची यादी बिघडली होती, फाइली नव्हे.

रात्रीपर्यंत जवळजवळ सगळं उतरलं. सुमारे ६०० किलोबाइट काही केल्या वाचता आले नाहीत. माझं रेकॉर्डिंग साधं वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी फाइल, सेकंदाला १,७६,४०० बाइट. म्हणजे हरवलेलं सगळं आवाजातच पडलं असतं तरी साडेतीन सेकंद.

पुढचं काम फोटोरेक या हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं. नाव फोटोचं असलं तरी तो आवाजाच्या फाइलीही शोधतो. यादीकडे न पाहता प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीची ठरावीक अक्षरं हुडकतो. अकरा फाइली मिळाल्या. मूळ नावं गेली होती, पण नव्या नावांतले आकडे म्हणजे ती फाइल कार्डावर सुरू होते ती जागा. आकड्यांनुसार लावल्या आणि रेकॉर्डिंग्ज आपोआप तारखेच्या क्रमाने उभी राहिली.

बारावी नव्हती. वेव्ह फाइलीची लांबी तिच्या सुरुवातीला लिहिलेली असते, आणि माझा रेकॉर्डर ती थांबवताना भरतो. बॅटरी गेल्यामुळे तिथे शून्य राहिलं होतं. लांबीच नाही, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी फाइलच नाही. पण या कार्डावरून मी कधीच काही पुसलं नव्हतं. म्हणजे बारावं रेकॉर्डिंग अकराव्याच्या पाठोपाठ, सलगच असणार. प्रतीमधला अकराव्यानंतरचा तुकडा कापला आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कच्चा डेटा म्हणून उघडला. चित्रफीत असती तर हे इतक्या सहज जमलं नसतं. दाबून भरलेल्या माहितीचा तुकडा सहसा सुटा वाचता येत नाही. साध्या वेव्हचा कुठलाही तुकडा मात्र ऐकता येतो, फक्त तो कसा वाचायचा हे आपण सांगावं लागतं.

पहिल्यांदा बाइटचा क्रम उलटा निवडला. नुसता खरखराट. क्रम सुधारला, पण स्टिरिओऐवजी मोनो राहिलं. आवाज जाड आणि दुप्पट संथ, कुणाचा ते ओळखू येईना. तरी ती माणसाची बोली होती. मी हात पुसले, स्टिरिओ निवडलं, पुन्हा वाजवलं.

"अगं, ते चालू आहे का?" आजीने विचारलं. माझं उत्तर ऐकू आलं, "हो, तू बोल."

सदतीस मिनिटं मिळाली. दोघी बहिणी लहानपणीच्या एका भांडणावरून अजूनही वाद घालत होत्या, आणि चूक कुणाची हे ठरायच्या आत आवाज तुटतो.

प्रतीच्या आणखी दोन प्रती केल्या, एक मावशीआजीकडे ठेवली. मग कंपनीच्या पत्राला उत्तर लिहिलं : आभारी आहे, कार्ड पाठवत नाही. ते वाचता न आलेले ६०० किलोबाइट अजून त्यातच आहेत.