दादा उभा राहिला!

आज पुनर्वसन केंद्रात दादाला एक्सोस्केलेटन, म्हणजे पायांना बाहेरून बांधायचा मोटारीवर चालणारा सांगाडा, घालून बघितलं. कण्याला इजा झाल्यापासून तो व्हीलचेअरवरच आहे. तयारीतच बराच वेळ गेला. पट्टे आवळायचे, कुठे घासतंय का बघायचं (पायाला संवेदना नाही, जखम झाली तरी त्याला कळणार नाही), उभं केल्यावर पुन्हा बीपी. मग कुबड्या टेकून अंग जरा पुढे झुकवलं की सेन्सरला ते कळतं आणि मोटारी पाय उचलतात. घर्र, टप. लोकांना वाटतं यंत्रच चालवतं. छे! थोड्या पावलांत दादा घामाघूम. आणि पहिलं वाक्य काय, तर "अगं, तू एवढी बुटकी आहेस?"

'रिवॉक' हे असंच यंत्र शोधणारे इस्रायलचे अमित गोफर 1997 च्या अपघातात स्वतः हातापायांनी अधू झाले. 2014 मध्ये अमेरिकेत यंत्राला मंजुरी मिळाली, पण कुबड्या धरायला हातात बळ लागतं, त्यामुळे त्यांना स्वतःला ते वापरता आलं नाही. हे डोक्यातून जातच नाहीये.

किंमत विचारली आणि विषय बदलला. तसंही आमच्या इमारतीच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. रविवारच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी भांडणार आहे.