चेकसम जुळला तरीही

जुन्या घरगुती संगणकांच्या कॅसेटवरचे प्रोग्रॅम वाचून सुरक्षित करून देणे हे माझे काम आहे. लोक यंत्र काचेच्या कपाटात जपतात आणि कॅसेट टाकून देतात, याचे मला दर वेळी वाईट वाटते. यंत्रे लाखोंनी निघाली, पण एखाद्या मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम त्या एकाच फितीवर असतो.

गेल्या महिन्यात आलेल्या बाईंनी दोन्ही जपले होते: १९८२ साली बाजारात आलेला ४८ के मेमरीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक, आणि वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या खेळाची कॅसेट. यंत्राच्या ९ व्होल्टच्या पिनचे मधले टोक ऋण असते, हे न पाहताच कोणीतरी भलता अडॅप्टर जोडला होता. असली बेपर्वाई मला सहन होत नाही. यंत्र दुरुस्त झाले. खरा वेळ फितीने घेतला.

फितीमागची गळून पडलेली नमद्याची गादी बदलली आणि फीत वाचणाऱ्या हेडचा स्क्रू किंचित किंचित फिरवत आवाज स्वच्छ होईपर्यंत ऐकत राहिलो. आधी सलग सूर आणि पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे, मग खरखर आणि निळे-पिवळे पट्टे. नाव आले, पण शेवटी ‘आर टेप लोडिंग एरर’ हा संदेश उमटला. ध्वनिमुद्रण करून बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे (० किंवा १ अंकांचे) गट, तपासले, तेव्हा चेकसममध्ये ३२ चा फरक निघाला.

हा चेकसम म्हणजे वाचन बरोबर झाले का ते पडताळण्यासाठी सर्व बाइटांवर क्रमाने ‘एक्सॉर’ (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०) करून उरलेला एकच बाइट. कोणता बिट उलटला ते त्यावरून कळते, पण तो कोणत्या बाइटातला हे कळत नाही. इंग्रजीतल्या मोठ्या आणि लहान अक्षरांच्या संकेतांकांतही नेमका ३२ चाच फरक असतो. त्यामुळे ‘यू विन’ या मोठ्या अक्षरांतल्या संदेशाच्या शेवटी लहान ‘एन’ दिसताच दोष सापडला असे मी मानले. अक्षर मोठे केले आणि चेकसम जुळला. सहकारी म्हणाला, “जुळला ना, मग झाले.” चेकसमवर त्याची श्रद्धा जरा जास्तच आहे, पण त्या दिवशी माझीही तेवढीच होती.

खेळ सुरू होताच बाई म्हणाल्या, “माझ्या पक्ष्याच्या डोक्याचा एक ठिपका कुठे गेला?” खेळ जिंकल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “आणि माझा छोटा ‘एन’? ती माझी सही होती, नावाचे आद्याक्षर.”

चित्राच्या आकड्यांत (त्यांचा एकेक बिट म्हणजे एकेक ठिपका), प्रोग्रॅममधल्या डेटाच्या ओळीत, ६० हाच बरोबर आकडा दिसत होता. पण स्पेक्ट्रमचे बेसिक प्रत्येक आकड्यामागे त्याचे पाच बाइटांचे रूप लपवून ठेवते आणि प्रोग्रॅम चालताना तेच वापरते. तिथे ६० च्या जागी २८ होते, म्हणजे नेमके ३२ कमी. फितीने तिथला एक बिट गमावला होता, मी सहीतला तोच बिट उलटवला होता, आणि दोन्ही चुकांनी मिळून चेकसम जुळवला होता.

दोन्ही जागा पूर्ववत केल्यावर पक्षी आणि सही परत आले, चेकसमही जुळला. पण बाई समोर बसल्या नसत्या, तर माझीच प्रत अस्सल म्हणून कायम राहिली असती. तेव्हापासून मी जुन्या कामांच्या नोंदी काढून बसलो आहे. जिथे मी स्वतः बिट बदलला, तिथे मूळ वाचन वेगळे ठेवले होते का ते तपासतो आहे. काही नोंदींत त्याचा उल्लेखच नाही.