तो नीट बोलेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला दत्तक आईबाबा विचारतात, आज्या विचारतात, बहुतेक वेळा मूल खेळण्यात रमलंय बघून हळूच, "जन्म देणारी आई पोटुशी असताना नशा करायची हो, मग हा नीट बोलेल ना?"

बहुतेक मुलं बोलतात. काहींना उशीर लागतो, काहींना शब्द येतात पण दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी हरवते, आणि घडलेली गोष्ट क्रमाने सांगता येत नाही. पण ते फक्त नशेमुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. 1985 ला अमेरिकेत कोकेन घेणाऱ्या अवघ्या 23 गरोदर बायकांवरचा एक अभ्यास आला आणि पेपरांनी या बाळांची एक पिढीच बाद ठरवून टाकली, मग 2001 मध्ये 36 अभ्यास एकत्र तपासले तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमधे सिगरेट, दारू, घरची परिस्थिती यांच्यापेक्षा वेगळा असा कोकेनचा ठोस परिणाम दिसलाच नाही. पुढे मोठ्या अभ्यासांत भाषेत थोडा फरक सापडला, पण थोडाच. तोपर्यंत कितीतरी मुलांवर शिक्का बसला होता, त्याचा मला अजून राग येतो.

आणि दारूचं कुणी नावच काढत नाही! खरं तर गर्भाच्या मेंदूवर तिचा परिणाम सगळ्यात स्पष्ट सिद्ध झालाय. ही मुलं कधीकधी भरभर बोलतात, त्यामुळे सगळं समजतंय असं वाटतं, पण समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ निसटत असतो. अफू, हेरॉइनचं वेगळं, बाळ जन्मल्यावर थरथरतं, किंचाळून रडतं, दूध ओढत नाही, पण ते पहिले काही आठवडे बघून पुढे कसं बोलेल ते ठरवता येत नाही.

तीन वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. फाइलच्या पहिल्याच पानावर आईच्या नशेची यादी. दोन वर्षांत तीन घरं बदलली हे मात्र शेवटच्या पानावर, आणि कान तर कुणी तपासलेच नव्हते, दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी निघालं. मी साबणाच्या फुग्यांची बाटली घट्ट बंद करून तिच्या हातात द्यायची. ती माझा हात धरून झाकणावर ठेवायची, मी "उघड?" म्हणून गप्प बसायची, मनात दहा आकडे मोजत. कान बरे झाल्यावर कितव्यातरी दिवशी ती म्हणाली, "उघ." अर्धाच शब्द, पण मी लगेच झाकण उघडलं.

तर दोन वर्षं झाली तरी मूल "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल तर बोलेल हळूहळू म्हणून थांबू नका, आधी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन ऐकण्याची टेस्ट करा आणि तो रिपोर्ट घेऊन या. आईची फाइल मी नंतर बघेन.