देवगड ते देवबाग : जुन्या लाँचच्या पोटातली घरघर

देवगडहून मालवण समुद्रमार्गे वीसेक सागरी मैल. थंडीच्या सुरुवातीला पहाटे मतलई सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि सकाळी उशिरापर्यंत किनाऱ्यालगतचं पाणी शांत राहतं. दुपारी खारा वारा आत यायला लागला की तेच पाणी उभं राहतं. म्हणून दक्षिणेला जायचं तर अंधारातच नांगर उचलायचा.

माझ्या मित्राने देवगडात एक जुनी लाँच घेतली होती. सागवानी, रुंद बुडाची, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. ती देवबागला कर्लीच्या खाडीत न्यायची होती. टाकी गळ्यापर्यंत भरली आणि तांडेल, मित्र आणि मी असे तिघे निघालो. उजाडता उजाडता डावीकडे कुणकेश्वराचं शिखर दिसलं. रस्त्याने कितीदा गेलो असेन तिथे, पण देऊळ समुद्राच्या किती जवळ बांधलंय ते समुद्रातूनच कळतं.

मिठबाव मागे पडल्यावर तांडेलाने वेग वाढवला आणि फळ्यांखालून घरघर सुरू झाली. आधी पायाला जाणवली, मग कानाला. इंजिन मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या वर गेलं की यायची, खाली आलं की गायब. आचऱ्याच्या समोर जरा लाट लागली तेव्हा ती वाढली. मालवणजवळ तर आम्ही अगदी हळू झालो. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. १६६४ साली महाराजांनी किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडलं त्यात या खडकांचाही हिशेब होता. वाट माहीत नसलेल्या जहाजाला तिथे थारा नाही. अशा जागी बोटीला पुढे रेटणारा बुडाखालचा पंखा बंद पडला तर बोट लाटेच्या मर्जीवर. तांडेलाने लांबून वळसा घेतला आणि भरती साधून आम्हाला कर्लीच्या मुखातून आत आणलं.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. लाँच खाडीच्या अंगाला बांधली. ट्रॉलरच्या मशिनी दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक काका तिथे राहतात. त्यांना बोलावलं. त्यांचं काम बघणं हा माझ्यासाठी या प्रवासातला सगळ्यात मोलाचा भाग ठरला.

मित्राने सांगून टाकलं, "काका, रबर बुश गेलाय. आधीच्या मालकानेही तोच बदलला होता." बुश म्हणजे पंख्याला फिरवणारा दांडा, शाफ्ट, ज्या नळीत टेकून फिरतो ती.

काका म्हणाले, "बुश गेलो आसतलो रे. पण तो कित्याक जाता ता बघूक होया."

पहिल्यांदा न्यूट्रलमध्ये इंजिन चौदाशेच्या वर नेलं. आवाज नाही. म्हणजे इंजिन एकटं असताना ठीक. गिअर टाकून सावकाश चालवली, तरीही नाही. म्हणजे पंखा वाकला असेल किंवा त्याला जाळं गुंडाळलं असेल ही शंका जवळपास मिटली. तसं असतं तर धक्का कमी वेगातही लागला असता. तरी उधाणाच्या सुकतीला लाँच वाळूवर बसवून पंखा हाताने फिरवून पाहिला. पाती सरळ होती. गिअरबॉक्सचं तेल काढून बोटांत चोळलं, धातूचा कीस नाही. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट घट्ट. ग्लँड, म्हणजे शाफ्ट बुडातून बाहेर पडतो तिथे पाणी अडवायला दोरी भरलेला सांधा, मात्र चालत्या लाँचवर हाताला चटका देण्याइतकी तापायची. ग्लँडमधून पाण्याचे थेंब ठिबकत राहायला हवेत, त्यानेच दोरी आणि शाफ्ट थंड राहतात. इथे थेंब पडत असूनही ती तापत होती. शाफ्ट एका बाजूला रेटला जात होता.

मागच्या कप्प्यात दोन जुने बुश सापडले. पितळेची नळी, आत रबर, रबरात पाणी खेळवायच्या लांब खाचा. दोन्हींची झीज एकाच अंगाला: तिथे खाचा पुसल्या गेलेल्या, समोरच्या अंगाला नव्यासारख्या धारदार. काकांनी लाँचमधला बुश खूण करून बाहेर काढला. तोही तसाच, आणि झीज होती पुढच्या तोंडाशी, वरच्या बाजूला. मी तो कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. शाफ्टच्या वजनाने बुश झिजायचा तर खालच्या बाजूला झिजेल. वर झिजतोय म्हणजे शाफ्टचं पुढचं टोक कुणीतरी उचलतंय.

नवा बुश बसवून लाँच पुन्हा पाण्यात घेतली. मग कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी, मोजली. तबकडीच्या व्यासाला इंचामागे एक हजारांश इंच, एवढाच फरक चालतो. आमची तबकडी पाच इंची, म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिमीटर. मोजमाप लाँच तरंगत असतानाच घ्यायचं, कारण वाळूवर टेकलेलं लाकडी बूड वेगळ्या आकारात बसतं. "सुक्यार घेतलेला माप खोटा," काका म्हणाले. शाफ्ट पाव पाव फेरा फिरवत चारही ठिकाणी पाहिलं. फट बरोबर होती.

आधीची दुरुस्ती बहुधा इथेच थांबली असणार. माप बरोबर, म्हणजे जुळणी बरोबर, म्हणजे दोष बुशाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही पुन्हा पुन्हा.

काकांचं म्हणणं, इंजिन झोपलेलं असताना घेतलेलं हे माप आहे, आवाज येतो ते ताण आल्यावर. म्हणून त्यांनी लाँच मागून दोन खांबांना जाड दोरांनी बांधायला लावली, गिअर पुढे टाकायला सांगितला आणि वेग हळूहळू वाढवत नेला. पंखा लाँचला जो रेटा देतो तो शाफ्टवरून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून माउंटवर, म्हणजे इंजिन ज्या पायांवर बसवलेलं असतं त्यांच्यावर येतो. शिवाय गिअरबॉक्समध्ये फेरे निम्मे झाले की पीळ दुप्पट होतो, आणि तो पीळ इंजिनाला एका कुशीवर कलंडवू पाहतो. हे सगळं चार रबरी माउंटनी पेलायचं असतं. फिरत्या कपलिंगपासून हात लांब ठेवा, असं आम्हाला बजावून काका बॅटरी घेऊन पालथे झोपले.

गिअरबॉक्सकडचा डावा माउंट. तेलाच्या ट्रेखाली असल्याने वरून दिसतही नव्हता. जोर वाढला तशी रबर आणि खालची पट्टी यांच्यामध्ये काळी रेघ उमटली आणि रुंद झाली. काकांनी एक मिलिमीटरची पाती त्यात सहज सरकवली आणि काढून घेतली. वेग कमी केला, इंजिन खाली बसलं, फट मिटली. वरून बघणाऱ्याला माउंट धडधाकटच वाटावा.

कारण त्याच्या वरच होतं. इंजेक्टरच्या परतीच्या नळीतून डिझेल पाझरून थेंब थेंब त्या माउंटवर पडत होतं. डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडाला धरलेली पकड सोडतं. वर्षानुवर्षं हे चाललं असणार.

नळीचे कॉपर वॉशर बदलले. माउंट मात्र चारही नवे घातले. एकच बदलला असता तर जुनं दबलेलं रबर आणि नवं रबर यांची उंची जुळली नसती. नव्या रबरावर इंजिनाचं वजन काही दिवस बसू दिलं आणि मग भरल्या टाकीने, तरंगत्या लाँचवर कपलिंग पुन्हा जुळवलं.

त्यानंतर कर्लीच्या मुखातून बाहेर पडून निवतीच्या दिशेने गेलो. भोगव्याची वाळू डावीकडे ठेवून तांडेलाने चौदाशे, सोळाशे, अठराशे असे फेरे वाढवले. मित्र ग्लँडवर तळहात ठेवून बसला होता. कोमट, एवढंच तो म्हणाला. काकांनी येताना-जाताना दोन्ही वेळा फळी उचलून डावा माउंट पाहिला आणि पन्नास तास चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळायला या असं मित्राला सांगितलं.